तळ्याचा नमुना

सुवर्णाने काचेच्या फ्लास्कमध्ये उरलेले द्रावण सिंकमध्ये ओतले, नळ पूर्ण सोडला आणि फ्लास्क तीनदा विसळून पालथा घातला. मग तिने अहवालावर सही केली : सोडियम मर्यादेपेक्षा जास्त, नमुना नापास.

रांजणगावच्या या बॅटरी कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिची चौदा वर्षे गेली होती. नमुना अर्जेंटिनातल्या एका खाऱ्या तळ्याच्या लिथियमचा होता. पृथ्वीची हवा स्वच्छ करण्याचा विडा उचललेल्या मोटार कंपन्या सध्या असल्या तळ्यांकडे, पंगतीतल्या पहिल्या पानासाठी व्याह्यांनी धावावे तशा धावत होत्या. सुवर्णाची कंपनीही दहा वर्षांचा करार करणार होती. अट एकच, नमुना शुद्ध निघावा. तो निघाला, तर प्रयोगशाळेतले एक माणूस दोन वर्षांसाठी त्या तळ्यावर जाणार होते. ते माणूस ठरलेही होते : प्रांजल.

प्रांजल दौंडची, वय सव्वीस. पिपेट कशी धरायची इथपासून सगळे तिला सुवर्णानेच शिकवलेले. निवडीच्या दिवशी कारखान्याचे मॅनेजर धुमाळ साहेब यांनी सुवर्णाला केबिनमध्ये बोलावले, ते प्रांजलच्या अंगाचे माप विचारायला. तिकडच्या थंडीसाठी जाकीट मागवायचे होते.

शनिवारी प्रांजल सत्कारासाठी गावी गेली. जाताना तिने नमुना विरघळवून प्लास्टिकच्या बाटलीत ठेवला होता. सुवर्णाला दुसऱ्या कामासाठी बाटली हवी होती, म्हणून तिने द्रावण काचेच्या फ्लास्कमध्ये ओतून ठेवले. तेव्हा मनात काही नव्हते, असे तिने स्वतःला दोनदा सांगितले. काचेतले सोडियम द्रावणात उतरते, हा धडा या खोलीत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मिळे, आणि तो तीच देत असे. सोमवारी यंत्राने फुगलेला आकडा दाखवला तेव्हा तिला आश्चर्य वाटले नाही. नमुन्याची पावडर शिल्लक होती. फेरतपासणीला अर्धा तास पुरला असता.

दुपारच्या पाळीला प्रांजल पेढ्यांचे खोके घेऊन आली.

“मॅडम, चौकात माझा फ्लेक्स लागलाय. तुमचं नाव बी टाका म्हनले व्हते, पर जागाच उरली न्हाई.”

“माझं नाव कशाला? तिथं नगरसेवक मावले ना सगळे? हे वाच आधी.”

प्रांजलने उभ्यानेच वाचले. खोक्याची दोरी ती बोटाला गुंडाळत राहिली.

“एवढं सोडियम? परत एकदा करून बघू का? पावडर हाय की.”

“बघ ना. माझ्या सहीवर भरवसा नसेल तर जरूर बघ.”

“तसं न्हाई म्हनले मी, मॅडम.”

तिने अहवाल जागेवर ठेवला आणि पेढे टेबलाच्या कडेला सरकवले.

तीन वाजता धुमाळ साहेब दारातूनच म्हणाले, “चारला मुंबईच्या हेड ऑफिसला कळवायचंय. आपण नाही म्हटलं की दुसरी कंपनी आजच तळं घेतीय. पक्कं ना, मॅडम?”

“सही केलीय, साहेब.”

साडेतीनच्या आत सुवर्णा सामानाच्या खोलीत गेली. पलीकडच्या जिन्यावर प्रांजल वडिलांशी फोनवर बोलत होती. रडत नव्हती, शिकवल्यासारखे सावकाश सांगत होती.

“आप्पा, फ्लेक्स उतरवून घ्या. न्हाई, मशीन बरोबर हाय. परत कशाला तपासायचं? मॅडमनी केलंय. चार वर्षं बघतीय मी, त्यांच्या हातून चूक होत न्हाई. खरं म्हंजी त्यांनाच पाठवायला पायजे व्हतं. साहेबांना म्हनले बी व्हते मी.”

पलीकडून आप्पांनी काहीतरी विचारले असावे.

“कोन म्हंजी? अवो, त्यांच्यासारखं कोन न्हाई इथं.”

साहेबांची केबिन बोळाच्या टोकाला होती आणि तिथला दिवा चालू होता. चार वाजायला अजून पस्तीस मिनिटे होती. सुवर्णाने जिन्याकडचे दार बोटभर उघडले, पुढचे नीट ऐकू यावे म्हणून, आणि तशीच उभी राहिली.