चेनकव्हरवरची द्वारका

आश्विनाचे ऊन अंगणात उतरले होते. केशरवर्णी ऊन, कवोष्ण ऊन, घासून ठेवलेल्या पितळेसारखे लखलखीत ऊन. त्या उन्हात एक जुनी लेडीज सायकल हँडल-सीट जमिनीला टेकवून, चाके आकाशाकडे करून उभी होती.

दिनकररावांनी तिचा जीर्णोद्धार मांडला होता. दसऱ्याला बायकोला भेट द्यायची होती. सायकल बायकोचीच, माहेराहून आलेली. तिचीच वस्तू तिलाच भेट. वा रे दातृत्व!

गंज झडला. आऱ्या उजळल्या. मरगळलेली चाके गरगर फिरली. पॉलिशपेपर चेनकव्हरवर घासत राहिला, घासत राहिला; सासरी चढलेला हिरवा थर सोलला गेला आणि खालून उगवली पीतवर्ण, वळणदार अक्षरे: कु. द्वारका घोलप.

अपर्णाबाई चहा घेऊन आल्या आणि जागीच थबकल्या. कॉलेजात नाव घातले तेव्हा वडिलांनी पेंटरला घरी बोलावून ती अक्षरे काढून घेतली होती. त्या सायकलवरून एक वायुवेगी, मुक्तकुंतला मुलगी रोज नदीच्या पुलावरून जायची.

"हे पुसतो हं," दिनकरराव हसले. ब्रश काळ्या रंगात बुडाला. "वर झकास 'सौ. अपर्णा' लिहू. द्वारका काय, जुनाट!"

कपबशी खाली आदळली.

"खबरदार ब्रश लावाल तर! ते माझं नाव आहे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं तुम्ही दुसरं लिहिलंत. मला विचारलं होतं कुणी?"

"अगं, रीतच आहे ती..."

रीत! जितेजागते माणूस पुसून टाकायला एवढासा शब्द पुरतो! ते तांदूळ शिजले, पंगतीत वाढले गेले, लोक ढेकर देऊन उठले. द्वारका कुठे गेली, याची कुणी साधी चौकशीही केली नाही.

बाईंनी सायकल सरळ केली. पदर खोचला. एक हेलकावा, दुसरा हेलकावा, आणि मग ती जुनी, विसरलेली, पायांनी मात्र जपलेली लय.

"अपर्णा!" सायकल पुढेच.

"अगं अपर्णा!" सायकल पुढेच.

मग जन्मात पहिल्यांदा, चाचरत, "द्वारका..."

घंटी वाजली, खणखणीत वाजली. सायकल थांबली नाही. पिवळ्या उन्हातून पिवळी अक्षरे दूर, दूर, पुलाकडे निघाली. आणि अंगणात काळ्या रंगाचा ब्रश वाळत राहिला.