प्रमाण दाब

विज्ञानाच्या बाईंनी बर्फाचा ट्रे हेडसरांच्या टेबलावर असा आपटला, की दोन तुकडे उडून फायलींवर पडले. शेजारी बर्नरवर पाणी खदखदत होतं. त्यात धरलेल्या तापमापीतला पारा पंचाण्णवावर येऊन थांबला होता आणि तिथून तसूभर हलायला तयार नव्हता.

"बिघडलीय ती," निवृत्तीला आलेले ज्येष्ठ सर खुर्चीतूनच म्हणाले.

"म्हणूनच बर्फ आणला."

बाईंनी तापमापी जरा निवू दिली आणि वितळत्या बर्फात खोचली. पारा उतरत उतरत नेमका शून्यावर विसावला.

"खाली बरोबर म्हणजे वरही बरोबर, असं थोडंच आहे?" ज्येष्ठ सरांनी चष्मा पुसत विचारलं.

वाद एका मार्काचा होता. 'पाणी किती अंश सेल्सिअसला उकळते?' या प्रश्नाला दाराशी उभ्या असलेल्या मुलीने उत्तर लिहिलं होतं: आपल्या गावात पंचाण्णव. ज्येष्ठ सरांनी त्यावर लाल फुली मारली होती, आणि शहरातल्या विज्ञानशाळेतली तिची जागा तेवढ्या एका मार्काने हुकत होती. मुलगी बाईंच्या थोरल्या बहिणीची. हे शाळेत सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"सर, शंभर हा आकडा काही पाण्यावर कोरून आलेला नाही," बाई हेडसरांकडे वळल्या. "माणसांनीच ठरवलं. बर्फ वितळतो तो शून्य, समुद्रकाठच्या हवेच्या दाबाला पाणी उकळतं तो शंभर, आणि मधल्या अंतराचे सारखे भाग. आपण डोंगरावर राहतो. इथे दाब कमी, म्हणून पाणी आधीच उकळतं. बटाटे शिजता शिजत नाहीत, ते का?"

"पुस्तकात शंभर आहे," ज्येष्ठ सर म्हणाले.

"पुस्तकात 'प्रमाण दाबाला' आहे! ते दोन शब्द प्रश्नातून कुणी गाळले?"

प्रश्न ज्येष्ठ सरांनीच काढला होता. त्यांचे कान लाल झाले.

"तुमच्या वयापेक्षा माझी नोकरी जास्त आहे, बाई."

"नोकरीने पाणी उकळत नाही, सर!"

हेडसरांनी फायलींवरचं बर्फाचं पाणी रुमालाने टिपलं. घाई न करता.

"बाई, भाचीसाठी आकांडतांडव केलं, असं उद्या लोक म्हणतील. आणि तुम्हाला कायम करायचं की नाही, हे याच महिन्यात ठरायचंय. जरा बेताने घ्या."

बाईंची मूठ टेबलाच्या कडेवर आवळली. त्या काही बोलणार, तोवर हेडसरांनी मुलीला जवळ बोलावलं.

"तोंडीच विचारतो, बाळ. घाबरायचं नाही. पाणी किती अंशांना उकळतं?"

मुलीने खदखदणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. मग मावशीच्या मुठीकडे.

"शंभर, सर."

"शाब्बास! येतंय की तिला. घाईत चुकली असेल. देऊन टाका मार्क."

साप मेला, काठीही मोडली नाही. ज्येष्ठ सर फुलीवर बरोबरची खूण करताना हसलेसुद्धा. बाईंनी बर्नर बंद केला, सामान जागेवर ठेवलं आणि त्या बाहेर पडल्या.

उताराच्या रस्त्याने त्या इतक्या भराभर चालत होत्या, की मुलीला मागून जवळजवळ पळावं लागत होतं.

"शेपूट घातलीस," अखेर त्या फुटल्या. "मी तिथे घसा फोडतेय आणि तू... स्वतःच्या हाताने मोजलं होतंस ना? डोळ्यांनी पाहिलं होतंस ना?"

"हो."

"मग? एका मार्कासाठी?"

मुलगी खाली बघत दप्तराचा पट्टा ओढत राहिली.

"मार्कासाठी नाही."

"मग कशासाठी?"

"ते तुला काढून टाकणार होते ना, मावशी?"

बाई थांबल्या. समोरून सायकलवाला घंटी वाजवत आला, चिडून काहीतरी बोलला आणि त्यांना वळसा घालून गेला. मुलगी चाचरत म्हणाली, "मी शहरात गेले असते, आणि तू घरी बसली असतीस."

बाईंनी तिच्या खांद्यावरचं दप्तर काढून स्वतःच्या खांद्याला लावलं. मग तिचं मनगट घट्ट धरलं आणि शाळेच्या चढाकडे वळल्या.

"मावशी, घर खाली आहे."

"माहितीये."