पाय जमिनीला लागू नये

जुनी मोटरसायकल आहे मी, मित्रांनो, आणि खोटं बोलायची मला सवय नाही. म्हणून आधीच सांगून टाकते, मी इतकी उंच आहे की घाटकोपरला आमच्या इमारतीखाली उभी असले की पहिल्या मजल्यावरच्या सखुबाई खिडकीतून वाकून माझ्या आरशात बघत कुंकू लावतात.

कारखान्यात मला घडवलं ते डोंगरदऱ्यांसाठी. जाड चाकं, लांब टांगा, पोटाखाली पत्र्याचं चिलखत. मला वाटलं, आता बर्फ तुडवायचा, नद्या ओलांडायच्या. नशिबात आलं घाटकोपर ते मरोळ. पण मी कुरकुरले नाही. साकीनाक्याला तेव्हा एक खड्डा होता, त्यात सकाळी उतरलेली रिक्षा दुपारी वर यायची, मीटर मात्र चालूच. मी तो एका उडीत पार करायचे.

माझा मालक निलेश मरोळला खोक्यांवर छपाई करणाऱ्या कारखान्यात कामाला. माणूस हौशी, उंची मात्र बेताची. मला घरी आणलं त्या दिवशी त्याच्या लवूकाकांनी नारळ हातात घेऊन मालवणी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, ही नवी गाडी दारात इली हा. ह्या आमच्या झिलाचो पाय कधी जमनीक लागाक देव नको रे महाराजा!"

"होय महाराजा," सगळे म्हणाले.

काकांच्या मनात होतं, पोरगा पडू नये. देवाने मात्र शब्द धरला. दुसऱ्या दिवसापासून निलेशचा पाय खरंच जमिनीला लागेना. सिग्नल आला की तो दुभाजक शोधायचा, नाहीतर फुटपाथ. काहीच नसलं तर रोज त्याच रस्त्यावर भेटणाऱ्या धोंडिरामची रिक्षा.

"आला का जिराफ? टेक रे पाय," धोंडिराम म्हणायचा. "लाजतोस काय, रोजचंच आहे."

तरी दिवस झकास चालले होते. लोक वळून बघायचे, मी उगाच दिवे चमकवायचे. मग एकदा कारखान्याच्या फाटकापाशी आम्ही थांबलो, तर बाजूला ना फुटपाथ, ना रिक्षा. म्हैस चिखलात बसते तसे आम्ही दोघं सावकाश आडवे झालो. गाऱ्हाणं तिथेही खरं ठरलं. पाय लागलाच नाही, आधी बूड टेकलं.

मला एवढासा ओरखडा आला. निलेशला मात्र चारचौघांत हसं झाल्याचं लागलं. त्याची बायको शीतल म्हणाली, "विकून टाक. स्कूटर घेऊ, दोघांना चालवता येईल." त्याने विक्रीची जाहिरात टाकली आणि मला झाकून ठेवलं.

दोन महिने मी ताडपत्रीखाली होते. साखळी गंजली, चाकांतली हवा गेली, हँडलवर शेजाऱ्यांच्या चादरी वाळू लागल्या. मित्रांनो, डोंगर चढायला जन्मलेल्या गाडीने दोरीचं काम करावं, याहून वाईट काय असणार?

एका रविवारी गिऱ्हाईक आलं. वेसाव्याच्या कोळीवाड्यातला कृणाल, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा, सहा फुटी. माझ्यावर बसला तर दोन्ही तळवे जमिनीवर सपाट. निलेशने मान दुसरीकडे वळवली. मला वाटलं, संपलं आता इथलं.

कृणालने सीटखाली हात घातला. "दादा, सीट वरच्या खाचेत का ठेवलीय?"

"कुठली खाच?"

"दोन खाचा असतात ना. पुस्तकात लिहिलेलं असतं. वाचलं नाय काय?"

"पुस्तक देव्हाऱ्यात आहे," शीतल म्हणाली. "पिशवीसकट. रोज हळदकुंकू वाहते मी त्याला."

कृणालने चावी फिरवली, सीट उचलली आणि दोन बोटं खाली बसवली. "बसून बघा."

निलेश बसला. त्याचे दोन्ही चवडे जमिनीला लागले. तो दोनदा उतरला, दोनदा बसला, मग म्हणाला, "विकायची नाय रे."

"वाट लागली," कृणाल हसला. "शहाणपणा नडला मला." तरी जाण्याआधी त्याने माझ्या साखळीला तेल घातलं. भला माणूस.

निलेशने लगेच काकांना फोन लावला. पाय टेकल्याचं सांगितलं. मग काका म्हणाले, "पाय लागलो? बरां, मी देवाक सांगतंय, तेवढो चलात."

फोन ठेवतो तोच शीतलने चावी मागितली. "आता मलाही शिकव."

"तुला झेपेल?"

"तुझ्यापेक्षा तीन बोटं उंच आहे मी. लग्नाच्या फोटोत तुला पाटावर उभं केलं होतं, विसरलास?"

आता शनिवारी शीतल चालवते आणि निलेश मागे डबा धरून बसतो. ती खड्डे माझ्याहून आधी ओळखते.

म्हणून सांगते मित्रांनो, घरात गाडी आली की तिची पूजा जरूर करा, पण पुस्तक उघडून वाचा. साखळीला तेल घाला, चाकांत हवा भरा. आणि जमत नाही म्हणून आम्हाला ताडपत्रीखाली ढकलण्याआधी सीटखाली एकदा हात घालून बघा. आम्ही वाकायला तयार असतो, कुणीतरी चावी फिरवायला हवी.