चालवायला अगदी फुकट

मी बोलतेय. गॅरेजमध्ये डाव्या भिंतीला, पाण्याच्या पंपाशेजारी अंग चोरून उभी आहे ना, ती मी. पेट्रोलवर चालणारी, चौदा वर्षांची, रंगाने एकेकाळी निळी. उजवीकडची ऐसपैस जागा धाकटीची. धाकटी विजेवर चालते. तिच्या अंगावरून रोज मऊ कापड फिरतं आणि नंतर ते वाळायला माझ्या बोनेटवर टाकतात.

माझ्या जन्माच्या आठवणी सांगत बसत नाही. सगळ्या गाड्यांच्या त्या सारख्याच असतात. ठोकाठोकी, रंगाचा वास आणि मग ताटकळत उभं राहणं. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते सिस्टरने मला शोरूममधून बाहेर काढलं तेव्हा. सिस्टर म्हणजे या घरची सून. घरोघरी जाऊन ती रुग्णांचं बघते. कुणाचं ड्रेसिंग, कुणाला इंजेक्शन, कुणाची नळी बदलायची. पेशंट तिला सिस्टर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मी कुणाच्या तरी फाटकाबाहेर गरम बोनेटवर मांजर घेऊन थांबलेय आणि ती आत जखम धुतेय, अशी आमची वर्षं गेली. लांबचे पेशंट तिला माझ्यामुळेच घेता आले. तिकडे बस जाते, पण मनात असेल तेव्हा जाते.

तिचे यजमान एका मोठ्या कचेरीत आकडेमोडीच्या खात्यात आहेत. कचेरी घरापासून हाकेच्या अंतरावर. तिथे त्यांना पाठीमागे टक्केसाहेब म्हणतात, कारण माणूस सगळं टक्क्यांत बोलतो. डोकं दुखायचं थांबलं का विचारा, तर म्हणतील, "कालच्यापेक्षा वीस टक्के कमी." माणूस वाईट नाही. पण ज्याला बेरीज येते त्याला आपलं कधी चुकतच नाही असं वाटायला लागतं, तसं त्यांचं झालंय.

या घरात खर्चाची एक वाटणी आहे, लग्न झालं तेव्हा ठरलेली. दोघंही कमावतात, उगाच कुरबुर नको म्हणून वीज, किराणा आणि औषधपाणी सिस्टरने बघायचं. घराचे हप्ते, गाडी आणि पेट्रोल टक्केसाहेबांनी. वाटणी तशी चांगली होती. घरात तेव्हा दोन पंखे, चार दिवे आणि एक फ्रिज होता.

मग पेट्रोल महागलं. टाकी भरून आणली की टक्केसाहेब माझ्याकडे अशा नजरेने बघायचे, जणू मी त्यांच्या ताटातला घास पळवलाय. कोपऱ्यापर्यंत जायचं तरी कां-कू करायचे. "पांढरा हत्ती पोसतोय," असं पाहुण्यांना सांगायचे. आता मी निळी, आणि हत्ती तर नाहीच, पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार. आणि खोटं कशाला बोलू, मी पितेच. शिवाय ऑइल लागतं, क्लच प्लेट जाते, पट्टा तुटतो, सायलेन्सर गंजतो. वय झालं की प्रत्येक अवयव पैसे मागतो.

एके दिवशी धाकटी आली. मोठं कर्ज काढून आली. तिच्यासाठी भिंतीवर पांढरी पेटी बसवली, जाड वायर ओढली, माझा विमा जेवढ्यात उतरतो त्याच्या तिप्पट तिच्या विम्याला गेले. टक्केसाहेब म्हणाले, "हा खर्च नव्हे, ही गुंतवणूक." शोरूमचं दार ओलांडलं की जिची किंमत उतरते तिला गुंतवणूक म्हणायला छाती लागते. माझ्या वेळीही त्यांनी ती दाखवली होती.

त्यानंतर गॅरेजमध्ये पाहुण्यांची रीघ लागली. प्रत्येकाला टक्केसाहेबांचं एकच वाक्य, "चालवायला अगदी फुकट."

शेजारी एक शिंपी राहतात. सुई कुठे टोचायची ते त्यांना बरोबर कळतं. त्यांनी विचारलं, "आणि विमा?"

"तो वेगळा."

"टायर? वजनदार गाडीचे लवकर झिजतात म्हणतात."

"ते वेगळे."

"कर्जाचा हप्ता?"

"तो तर अगदीच वेगळा."

"मग फुकट काय आहे?"

"बाकीचं सगळं," टक्केसाहेब म्हणाले आणि शिंप्यांना फेरी मारायला घेऊन गेले.

फेरी सगळ्यांनाच मिळाली. मावसभाऊ, मावसभावाचा साडू, साडूच्या ऑफिसातले लोक. जो माणूस माझ्यात बसून कोपऱ्यावर जाताना दहादा विचार करायचा, तो आता साखर आणायलाही गावाला वळसा घालू लागला. हाकेच्या अंतरावरची कचेरीसुद्धा मोठ्या रस्त्याने लांबून गाठायची, कारण त्या रस्त्याला माणसं जास्त बघतात. नव्याचे नऊ दिवस असतात हे मी अनुभवाने सांगते, पण यांचे नऊ महिने चालले. फुकटची गोष्ट माणूस किती वापरतो याला सीमा नाही.

सिस्टरने एकदा विचारलं होतं, "अहो, हिला वीज किती लागते?"

"मोबाइल चार्ज करतो ना आपण, तसंच. हा जरा मोठा मोबाइल."

तिला पेशंटकडे जायचं होतं. ती बरं म्हणाली आणि मला घेऊन निघाली.

मग एका रविवारी, माझ्या दाराला टेकून उभं राहून, टक्केसाहेबांनी माझा निकाल लावला. "दोन गाड्या कशाला? ही विकून टाकू. पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक बघतो."

"आणि मी फिरू कशी?" सिस्टर म्हणाली.

"बस आहे की."

"नवी न्यायची का मी?"

"तुला तिची सवय नाही गं. कुठे घासलीस म्हणजे?"

माझ्या डाव्या दारावर एक लांबलचक ओरखडा आहे. तो कुणाच्या हातून पडला हे मला माहीत आहे, आणि तो हात सिस्टरचा नव्हता. ती त्या ओरखड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लांबचे पेशंट सोडावे लागतील मला. निम्मं काम जाईल."

"अगं, पण ही किती खाते बघ ना. आणि ती बघ. शून्य."

भंगारात जायची भीती नव्हती, सगळ्यांनाच जायचंय. पण जखम बांधायला येणारी बाई आता येत नाही, हे त्या लांबच्या घरांतल्या म्हाताऱ्यांना कोण सांगणार, याचं मला वाईट वाटत होतं. तिचं काम मी डोळ्यांनी बघितलंय. ते निम्मं होणं मला सोसणारं नव्हतं.

त्याच सुमाराला घरात दुसरं संकट आलं. विजेचं बिल फुगलं. दर महिन्याला चढतच होतं, आता टम्म फुगलं. बिल सिस्टर भरते, पण चोर पकडायचं काम टक्केसाहेबांनी आपल्याकडे घेतलं. पहिला संशय गीझरवर. मग इस्त्रीवर, आठवडाभर साहेब चुरगळलेल्या शर्टाने कचेरीत गेले. मग फ्रिजवर, दुरुस्तीवाला आला, दाराचं रबर बदलून गेला. शेवटी संशयाची गाडी त्यांच्या स्वतःच्या आईपाशी येऊन थांबली.

"आई, तू गरम पाणी फार घेतेस."

"अरे, एक बादली घेते मी."

"अर्धीत भागत नाही का?"

बिचाऱ्या सासूबाई अर्ध्या बादलीवर आल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि चोर कुठे होता? इथे, माझ्या उजव्या हाताला, हिरवा दिवा मिचकावत मंद आवाजात घुमत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला सगळं दिसत होतं, पण गाडीचं ऐकतं कोण. तिकडे सिस्टर बिल भरायचं म्हणून जादा पेशंट घेत होती, आणि तिकडे जायला माझ्यात पेट्रोल घालावं लागलं की त्यावरून पुन्हा मीच खादाड ठरत होते.

मग ती संध्याकाळ आली. टक्केसाहेब कचेरीतून आले, धाकटीला वायर लावली आणि वर गेले. सासूबाई आंघोळीला बसल्या होत्या. त्या दिवशी बहुतेक त्यांनी बंड करून पूर्ण बादली काढायचं ठरवलं असावं, गीझर चालू होता. धाकटी आणि गीझर दोघांचा भार एकदम पडला आणि घर अंधारात बुडालं.

"अगं, डोळ्यांत साबण गेलाय माझ्या," वरून सासूबाईंचा आवाज आला.

मेन स्विच आणि मीटर गॅरेजमध्येच आहेत, माझ्या डोक्याशी. सिस्टर टॉर्च घेऊन आली. तिने स्विच वर ढकलला, तो पुन्हा पडला. मागोमाग टक्केसाहेब आले. "गीझरच. मी सांगत होतो."

सिस्टरने गीझरचं बटण पाडलं, मेन चढवला. दिवे आले. "बघ," टक्केसाहेब म्हणाले.

ती हलली नाही. रोज माणसांची दुखणी बघणारी बाई, कुठे दाबलं की दुखतं हे ती एकेक जागा चाचपून बघते. तिने एकेक करून घरातली सगळी बटणं खाली पाडली. पंखे गेले, फ्रिज गेला, दिवे पुन्हा गेले. फक्त गॅरेजचं एक राहिलं. अंधारात मीटरवरचा लाल ठिपका धाप लागल्यासारखा लुकलुकत होता.

"घरात एक दिवा नाही," सिस्टर म्हणाली, "मग हा कुणासाठी पळतोय?"

तिने पांढऱ्या पेटीचं बटण बंद केलं. ठिपका शांत झाला.

"माझं पेशंटचं काम सुटणार होतं," ती हळू म्हणाली. "आईंची बादली अर्धी झाली. आणि तुम्ही सगळ्या गावाला सांगत होता, फुकट."

"अगं, माझ्या डोक्यातच आलं नाही. म्हणजे, माझ्या खिशातून जात नव्हतं ना, म्हणून..."

वाक्य त्यांनी स्वतःच अर्ध्यावर सोडलं. हलवायाच्या घरावर ठेवलेलं तुळशीपत्र शेवटी स्वतःच उचलायची वेळ आली होती. वरून सासूबाई म्हणाल्या, "बोलणं नंतर करा, आधी गीझर लावा."

सिस्टरने पांढरी पेटी सोडून बाकी सगळी बटणं वर केली आणि हात पुढे केला. "वाटणी तुम्हीच केली होती. वीज माझी, तर जी वीज पिते तीही माझी. किल्ली द्या."

"आणि मी?"

"पेट्रोल तुमचं. ही घ्या." आणि माझी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

पुढचं थोडक्यात सांगते. धाकटी आता दिवसभर सिस्टरबरोबर फिरते. मी तिला नावं ठेवायला टपलेली होते, पण खरं ते खरं. जी गाडी दिवसभर राबते ती विजेवर परवडते, हे सिस्टरने हप्त्यासकट, विम्यासकट बघितलं. मिरवायला उभी ठेवलेली मात्र कुठलीच परवडत नाही, ना ती ना मी. म्हणजे जिला धाकटी द्यायला हवी होती तिलाच बस सुचवली जात होती. टक्केसाहेबांनी मला चार दिवस चालवलं, एकदा टाकी भरली आणि पाचव्या दिवसापासून कचेरीत पायी जायला लागले. वजन उतरलंय म्हणे, सहा टक्के.

मला सिस्टरची आठवण येते. ते मी लपवत नाही. सकाळी ती औषधांची पेटी उचलून माझ्या समोरून धाकटीकडे जाते, तेव्हा माझं दार आपोआप उघडावं असं वाटतं.

काल मला बघायला एक जोडपं आलं, नवं लग्न झालेलं. टक्केसाहेबांनी माझं इतकं कौतुक केलं की मी चौदा वर्षांत ऐकलं नव्हतं. "सोन्यासारखी गाडी. खर्च म्हणाल तर नावालाच." तरुण खाली वाकून टायर बघत होता. मुलगी स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती, अगदी सिस्टर बसायची तशी पाठ ताठ.

सिस्टर कामाला निघाली होती. ती थांबली. मुलीला विचारलं, "चालवणार कोण?"

"मीच. माझी नोकरी लांब आहे."

"आणि पेट्रोल?"

मुलीने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने टायरकडे. "ते अजून ठरलं नाही," ती म्हणाली.

"मग आधी ते ठरवा. गाडी कुठे पळून जात नाही."

ते विचार करून येतो म्हणून गेले. टक्केसाहेब सिस्टरवर चिडले आणि मग पायात बूट घालून निघून गेले. मी इथेच आहे, पंपाशेजारी. कापड वाळतंय. ते दोघं येवोत की दुसरं कुणी येवो, मी किती पिते हे विचारण्याआधी घरात एकदा बसून बोला. आणि मला न्यायला आलात, तर चालवणारीला पुढे बसवा. हिशेब करणारा मागे बसला तरी गाडी चालते.