चव्वेचाळीस नंबरचं दार

त्या डोंगरावरची त्रेचाळीस घरं मिस्त्रीने बांधली आणि त्रेचाळीसही घरांत तो राहून गेला. कामाचा रिवाजच तसा होता. पाया खणल्यापासून घर गवंड्याच्या ताब्यात. तो बायको, पत्र्याची पेटी आणि स्टोव्ह घेऊन तिथेच बिऱ्हाड थाटायचा आणि मुख्य दार बसवलं की त्याच दिवशी बाहेर पडायचा. तोवर पुढच्या घराचा पाया खणून तयार असायचा. बायको म्हणायची, "दर तीन महिन्यांनी माझा ओटा बदलतो. मिठाचा डबा शोधण्यातच जन्म चाललाय माझा."

डोंगर दिसायला देखणा, एवढाच त्याचा गुन्हा. वर बर्फाचं शिखर, खाली तळं, आणि ते शिखर आपल्याच खिडकीतून दिसावं म्हणून शहरातली माणसं नुसती झुंबड उडवत होती. साठ माणसांची वस्ती सहाशेवर गेली. जी माणसं त्या सहाशेंची कामं करायची, त्यांना मात्र पाठ टेकायला जागा उरली नाही. बसचा ड्रायव्हर बसमध्ये झोपायचा, मुख्याध्यापिका प्रयोगशाळेत सांगाड्याच्या शेजारी. नर्सबाईंचं अंथरूण तपासणीच्या टेबलावर असायचं. पेशंट आला की आधी त्यांना उठवावं लागे.

चव्वेचाळिसावा प्लॉट शेवटचा. त्याच्यापुढे थेट कडा. हे घर पुरं झालं की मिस्त्रीला नवा पाया नव्हता, आणि नेमकी तेव्हाच लेक बाळंतपणाला आली. आठवा महिना. सासरी एका खोलीत सहा जण पाळीपाळीने झोपत होते. "बाबा, बाळ होईपर्यंत तरी आहे ना हे घर?" तिने विचारलं.

"आहे म्हणजे? ठणठणीत आहे," मिस्त्री म्हणाला आणि भिंतीला टेकवलेलं तयार दार उचलून त्याने विटांवर आडवं टाकलं. बायकोने वर गादी घातली. लेकीची कॉट झाली.

घराचे मालक म्हणजे निवृत्त झालेले दातांचे डॉक्टर. भला माणूस, पण शहरातलं घर विकून मोकळा झालेला. रिवाज मोडायला नको म्हणून त्यांनी अंगणात तंबू ठोकला आणि रोज सकाळी ब्रश तोंडात धरून विचारू लागले, "मिस्त्री, आज दार?"

"लाकूड ओलं आहे, डॉक्टरसाहेब."

दुसऱ्या दिवशी चौकट बोटभर कलली. तिसऱ्या दिवशी बिजागऱ्या रुसल्या. मग मिस्त्रीने ठोकून दिलं की इथल्या हवेत दाराला आधी महिनाभर आडवं झोपवावं लागतं, म्हणजे ते जागेला सरावतं. आयुष्यात तो एवढं खोटं कधी बोलला नव्हता आणि त्याला त्याची लाजही वाटत होती. डॉक्टर आत डोकावले. दारावर लेक झोपली होती. "वजन ठेवलंय ते बरं केलंत," ते म्हणाले. "वाकायचं नाही."

त्याच सुमारास वस्तीच्या कार्यालयातला कारकून शिरगणतीला आला. त्याच्या नियमात अर्धवट बांधलेल्या घरात फक्त कामगार राहू शकत होते. म्हणून त्याने लिहून टाकलं: मिस्त्री कामगार, बायको कामगार, लेक कामगार आणि तंबूतले डॉक्टर, मालमसाला कालवणारे कामगार. डॉक्टर आधी भडकले. मग म्हणाले, लिहिलंच आहे तर बघू या, आणि घमेलं घेऊन कामाला लागले. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दातांत सिमेंट भरलेलं, हात चांगला बसला होता. कुंपणाची भिंत त्यांनी सुरेख उभी केली.

लेक त्या दारावरच बाळंत झाली. मुलगी झाली. नर्सबाई आपलं टेबल सोडून आल्या होत्या. मिस्त्रीने नातीला हातात घेतलं आणि तो चक्क रडला.

चौथ्या दिवशी कारकून जन्माची नोंद करायला आला.

"जन्म कुठे झाला?"

"इथे, या घरात."

"नंबर?"

"चव्वेचाळीस होणार आहे."

"होणार आहे म्हणजे झालेला नाही. नंबरची पाटी दारावर ठोकतात. दार नाही म्हणून नंबर नाही, नंबर नाही म्हणून घर नाही. घरच नाही तर मूल घरात जन्मलं कसं?"

नात गळा काढून रडत होती. कारकुनाने कानात बोट घातलं. "हे बघा, माझ्या हिशेबी ही अजून जन्मलेली नाही. तुम्ही तिला गप्प करा."

"कागद नसला तर लस नाही," नर्सबाई हळूच म्हणाल्या. "पुढे शाळा पण नाही."

मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. तिने मिठाचा डबा पेटीत ठेवला. लेक उठली, बाळाला पोटाशी धरून भिंतीला टेकली. मिस्त्रीने गादी काढली आणि दार उचललं. डॉक्टरांनी दुसरं टोक धरलं. चौकट बोटभरच काय, केसभरही कललेली नव्हती. बिजागऱ्या एका दमात बसल्या. वाईट काम त्याच्या हाताला येतच नव्हतं, आणि त्या दिवशी तरी यावं असं त्याला फार वाटलं.

बायकोने पेटी बाहेर आणून पायरीवर ठेवली. लेक बाळाला घेऊन पेटीवर बसली. कारकुनाने पाटी ठोकली आणि कागदावर लिहिलं.

"वाचा ना," मिस्त्री म्हणाला.

"कुमारी बाळ. राहणार घर क्रमांक चव्वेचाळीस."

"पुन्हा वाचा."

कारकुनाने पुन्हा वाचलं. त्यांच्या घराण्यात पत्ता असलेलं हे पहिलंच माणूस. डॉक्टर किल्ली मुठीत घेऊन उंबऱ्यात उभे होते. आत जावं की न जावं, त्यांना सुचत नव्हतं.

"एक रकाना राहिला," कारकून म्हणाला. "आजोबांचा पत्ता?"

मिस्त्रीने खाली तळ्यापर्यंत पसरलेली आपली सगळी छपरं एकदा पाहून घेतली. मग तो बाळाची दुपटी सारखी करत म्हणाला,

"लिहा, नातीकडे असतो."