तीन नंबरचा सांधा

शेजारच्या नौमानचं डोकं पावसाच्या पाण्याच्या पिंपात दाबून धरलं होतं, तेव्हा एकहार्ट लोझेला एवढंच हवं होतं, की त्यानं एकदा कबूल करावं. "बोल, तूच गोंद घातलास ना?" असं विचारून तो डोकं वर काढायचा आणि नौमानला श्वास सापडायच्या आत पुन्हा बुडवायचा. चौथ्यांदा नौमानचं कोपर मागे आलं आणि लोझेचा पुढचा दात तुटला. तोंडात रक्ताची चव आली तसं लोझेचं उरलंसुरलं भान सुटलं. त्यानं गवतातला हातोडा उचलला. पिंपाची कड धरलेल्या नौमानच्या उजव्या मनगटावर तो घाव बसला. हाड मोडल्याचा आवाज तीन बागांपलीकडे ऐकू गेला म्हणतात.

जर्मनीतल्या केम्निट्स शहराच्या कडेला, शहरातल्या लोकांनी भाड्यानं घेतलेल्या बागांच्या त्या वसाहतीत दोघांच्या बागांमध्ये फक्त एक झुडपांचं कुंपण होतं, आणि वीस वर्षं त्यावरून केक आणि शिव्या सारख्याच प्रेमानं जात-येत होत्या. लोझेच्या बागेत भाजी नावापुरती. बाकी सगळी आगगाडी, गुडघ्याएवढ्या उंचीची, चेरीच्या झाडाला वळसा घालून पुलावरून जाणारी. रूळ त्यानं टाकले होते, पण स्टेशन त्याच्या बायकोचं, रोझविटाचं. छपराचं एकेक कौल तिनं हातानं कापून चिकटवलं होतं. ती वारल्यापासून लोझेला घर खायला उठायचं, म्हणून तो दिवस त्या स्टेशनापाशीच काढायचा. बाग गेली तर तो जाणार कुठे? आणि वसाहतीचा नियम साधा होता, जो हात उगारेल त्यानं बाग सोडायची. याच नियमावर बोट ठेवून लोझेनंच मागे एका दारुड्याला हाकलायला लावलं होतं.

भांडणाचं मूळ पुलाअलीकडच्या, गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या तीन नंबरच्या सांध्यात होतं. रोज सकाळी त्याचं पातं रुळाला पुरतं टेकत नसे. केसाएवढी फट राही, चाक भलतीकडे जाई आणि इंजिन घसरे. लोझेनं वीज तपासली, तार बदलली, मोटर उघडून पाहिली. मोटर ठणठणीत होती. फटीत मात्र दर वेळी खडीचा एक कण घट्ट चिकटलेला सापडे आणि त्याभोवती काहीतरी वाळलेलं, चकचकीत. नखानं खरवडलं की पापुद्रा निघे. गोंद!

वसाहतीत सकाळपासून गोंदाचं भांडं घेऊन बसणारा एकच माणूस होता. गिस्बर्ट नौमान लाकडाची खेळणी कोरायचा. शिवाय दुपारच्या शांततेच्या वेळी इंजिनाची शिट्टी वाजते म्हणून त्यानं तक्रारही केली होती. वर तोंडदेखलं हसणं कायम. गोगलगाय नि पोटात पाय, दुसरं काय! वसंतात लोझेनं रुळांच्या कडेला बिअरच्या वाट्या पुरल्या होत्या, वासानं येऊन गोगलगायी त्यात बुडून मराव्यात म्हणून. तेव्हाही हा कुंपणावरून म्हणाला होता, "अरे, अख्ख्या वसाहतीला जेवायला बोलावतोयस." लोझेला ती आपल्या पिण्यावरची थट्टा वाटली होती.

त्या रविवारी इंजिन तीन नंबरला उडालं, पुलाचा कठडा तोडून थेट रोझविटाच्या स्टेशनावर पडलं. छप्पर चेंदामेंदा झालं. लोझे हातोड्यासकट कुंपण फोडून पलीकडे गेला, आणि पुढचं पिंपापाशी घडलं.

वसाहतीच्या सभेत अध्यक्षा वेंडलरबाईंनी त्याला विचारलं, काही म्हणायचंय का. प्लास्टरातल्या नौमानकडे बघून लोझे म्हणाला, पुन्हा वेळ आली तर पुन्हा मारीन. महिनाअखेर बाग खाली करायचा ठराव एकमतानं झाला.

शेवटच्या दिवशी तो पहाटेच रूळ उखडायला आला. गवत दवानं ओलं होतं. बिअरच्या वाटीतून एक जाडजूड, बिनशंखाची गोगलगाय बाहेर आली, पोट भरून, न बुडता. ऊन लागायला लागलं तशी ती सावली शोधत रुळावर चढली आणि तीन नंबरच्या पात्यामागच्या फटीत शिरली. तिच्या बुळबुळीत वाटेला खडीचे कण चिकटले होते. लोझेनं वाटीकडे पाहिलं. वाटी त्यानंच पुरली होती, बिअर त्यानंच रोज ओतली होती.

कुंपणाच्या भगदाडापलीकडे नौमान डाव्या हातानं पावाला लोणी लावायची खटपट करत होता. उजव्या हाताची बोटं आता मिटत नव्हती. कोरणं कायमचं संपलं होतं.

"गिस्बर्ट, गोगलगायी होत्या," लोझे म्हणाला. "माझ्याच बिअरनं आलेल्या. त्यांचाच चिकटा वाळायचा."

नौमाननं सुरी खाली ठेवली. "मला वाटलं, माफी मागायला आलात," तो म्हणाला. वीस वर्षांत त्यानं लोझेला कधी अहोजाहो केलं नव्हतं. "तुम्ही तर सांध्याचा बिघाड सांगायला आलात."

 लोझे परत फिरला, हातोडा उचलला आणि आतल्या गोगलगायीसकट तो सांधा सपाट होईपर्यंत ठेचत राहिला. पलीकडे नौमाननं बागेतल्या खोलीचं दार लावून घेतलं.