फक्त जाण्याचं तिकीट

शिवणयंत्र व्हॅनमध्ये चढवताना सुताराच्या पाठीत उसण भरली, तरी तो खुशीतच होता. गेली वीस वर्षं ज्या प्रवासाच्या नुसत्या गप्पा झाल्या, तो आज खरोखर निघत होता.

सुतार आणि मास्तर यांचं सोफा-कुशनचं दुकान होतं. लाकडी सांगाडे सुतार करायचा, त्यावर फोम आणि कापड चढवून शिवायचं काम मास्तरचं. दोघांचीही पन्नाशी उलटलेली, आणि सव्वीस वर्षं एकाच छपराखाली काम केलेलं. स्वभाव मात्र दोन टोकांचे. सुताराचं तोंड सकाळी दुकानाच्या शटरबरोबर उघडायचं आणि संध्याकाळी शटरबरोबरच मिटायचं. मास्तर ओठांत टाचण्या धरून ऐकत असायचा. गिऱ्हाइकाशी सुतार बोलणार, कापडाचा रंग सुतार ठरवणार, जेवायला कधी बसायचं तेही सुतारच सांगणार. "आमचं कधी भांडण म्हणून झालं नाही," असं तो चारचौघांत अभिमानाने सांगे.

गाडी घेऊन उत्तरेला रस्ता संपेपर्यंत जायचं आणि पुढे फेरीबोटीने बेटावर, ही कल्पनाही सुताराचीच. बेटावर मास्तरची एकुलती एक मुलगी राहायची. तिच्या नवऱ्याचा बोटी दुरुस्त करायचा कारखाना होता. मास्तरची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, पण मुलीकडे तो अजून एकदाही गेला नव्हता. दर वेळी काहीतरी आडवं यायचं. या वर्षी मात्र मास्तर आपणहून म्हणाला, "जाऊया. तिकिटं मी काढतो." सुताराने ही बातमी गल्लीभर केली. शिवणयंत्र मुलीला द्यायचंय, असं मास्तर म्हणाला. पाच खोकी आणि दोन भल्या मोठ्या बॅगा तिच्या आईच्या वस्तूंच्या. सुताराने एकेक डाग स्वतः उचलून नीट रचला.

पहिले दोन दिवस झकास गेले. गाव मागे पडलं, शेतं मागे पडली, मग दोन्ही बाजूंना नुसती उंच काळपट झाडं आणि मधून सरळसोट रस्ता. वर जावं तसा दिवस लांबत चालला. रात्रीचं जेवण झालं तरी बाहेर लख्ख उजेड. सुतार गाडी चालवायचा आणि बोलायचा. मास्तर काचेतून बाहेर बघत बसायचा. एकदा तो म्हणाला, "अरे, तुला एक सांगायचं होतं," तर सुतार म्हणाला, "थांब, आधी हा चढ संपू दे." चढ संपला आणि सुताराला दुसरीच गोष्ट आठवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते धक्क्यावर पोचले. समोर पांढरी बोट उभी होती, गाड्यांची रांग लागली होती. तिकीट खिडकीत चष्मा लावलेली एक बाई होती. तिने बुकिंगचा नंबर टाकला आणि पडद्यावरून वाचून दाखवलं, "एक व्हॅन आणि चालक, जाणं-येणं. दुसरे गृहस्थ, फक्त जाणं. बरोबर?"

"चुकलंय," सुतार म्हणाला. "दोघांचं जाणं-येणं आहे."

बाईने पडदाच त्याच्याकडे वळवला. "दोन महिन्यांपूर्वी काढलंय. असंच काढलंय."

सुतार मागे वळला. मास्तर खाली मान घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. तेवढ्यावरून सुताराला सगळं कळलं. खोकी, बॅगा, यंत्र. आपण मित्राला फिरायला आणलं नाही. आपण त्याचं बिऱ्हाड पोचवायला आलोय, तेही हमालासारखं, पाठीत उसण भरवून घेऊन.

रांगेतल्या गाड्या मागून भोंगे वाजवायला लागल्या. तो व्हॅनमध्ये बसला, ती बोटीच्या पोटात नेऊन लावली आणि जिना चढून वर डेकवर गेला. धक्का सुटायच्या आत त्याने बायकोला फोन लावला.

"मास्तर परत येत नाहीये. तुला ठाऊक होतं?"

ती म्हणाली, "अहो, ते म्हणाले मीच सांगतो. मी तरी मध्ये कशाला बोलू?"

"अजून कोणाला ठाऊक आहे?"

"तशी सगळ्यांना कुणकुण होती."

म्हणजे गल्लीला ठाऊक, घराला ठाऊक, दुकानासमोरच्या रंगवाल्यालासुद्धा ठाऊक. आपण मात्र दोन महिने दारोदार पेढे वाटावेत तशी प्रवासाची बातमी वाटत हिंडलो, आणि ती ऐकताना लोक मनात काय म्हणत असतील. या विचाराने त्याच्या कानशिलांत घण पडायला लागले. त्याने फोन खिशात घातला. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं.

बोटीचा प्रवास सात तासांचा होता. पहिले तीन तास तो डेकवर येरझाऱ्या घालत राहिला. वारा बोचरा होता, बाकी माणसं आत उबेला बसली होती. शेवटी मास्तरच चहाचे दोन कप घेऊन बाहेर आला. सुताराने कप घेतला नाही.

"बोल," तो म्हणाला. "आता तरी बोल."

"जावई म्हणतोय, बोटींच्या सीट, गाद्या, ताडपत्र्या, खूप काम आहे," मास्तर म्हणाला. "नातू पाच वर्षांचा झाला. मी त्याला अजून उचललेलं नाही."

"ते नको. मला का नाही सांगितलंस ते सांग."

"सांगितलं असतं तर तू हो म्हणाला असतास?"

"नसतो म्हणालो."

"मग?"

"मग काय? नाही म्हणायचा तरी हक्क होता ना माझा. सव्वीस वर्षं, मास्तर. गिऱ्हाइकाला सोफा एक दिवस उशिरा देणार असलो तरी आपण फोन करून सांगतो. मला तेवढंही नाही?"

मास्तरने दोन्ही कप कठड्याशी ठेवले. "तू नाही म्हणालास की मी थांबतो. नातू झाला तेव्हा मी बॅग भरली होती. तू म्हणालास, नाटकगृहाच्या खुर्च्यांचं काम आहे, महिनाभर थांब. मी थांबलो. मग काम आलं, मग दुसरं आलं."

सुताराला ते आठवेना. नाटकगृहाच्या खुर्च्या आठवल्या, त्यांचं लाल कापड आठवलं, त्या कामाचं सगळीकडे झालेलं कौतुक आठवलं. मास्तरची भरलेली बॅग काही केल्या आठवेना. आणि आठवेना म्हणून तो जास्तच भडकला.

"तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं? जातो म्हणायचंस."

"म्हणालो होतो."

"कधी?"

"म्हणालो होतो," मास्तर पुन्हा तेवढंच बोलला आणि आत निघून गेला. उरलेला प्रवास दोघांनी बोटीच्या दोन टोकांना काढला.

बेटाच्या धक्क्यावर मुलगी उभी होती, कडेला नवरा, नवऱ्याच्या खांद्यावर नातू. मास्तर व्हॅनमधून उतरला आणि दार उघडंच टाकून नातवाकडे गेला. सुतार स्टिअरिंगवर हात ठेवून बघत राहिला. त्याने मनाशी ठरवलं होतं की डाग उतरवायचे, एका शब्दाने बोलायचं नाही, आणि पहिल्या बोटीने परत फिरायचं. पण परतीची बोट तिसऱ्या दिवशी होती.

मुलगी त्याच्या खिडकीशी आली. डोळे पुसत म्हणाली, "काका, तुमचे उपकार कसे फेडू? बाबांना सोडवतच नव्हतं दुकान. तुम्हीच म्हणालात ना त्यांना, जा पोरीकडे, मी बघतो सगळं. बाबांनी सांगितलं मला."

सुताराने तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. मास्तर नातवाला कडेवर घेऊन उभा होता आणि इकडेच बघत होता. चेहरा पांढराफटक. एक वाक्य पुरलं असतं. खोटं बोलतोय तुझा बाप, एवढं म्हटलं असतं तरी धक्क्यावरच सगळं उघड्यावर आलं असतं. सुताराच्या ओठांवर ते आलंही होतं.

"हो," तो म्हणाला. "मीच म्हणालो."

जावयाने सुताराला कारखान्यामागची खोली दाखवली. तीच मास्तरची कामाची जागा होणार होती. छप्पर पत्र्याचं, खिडकी चांगली मोठी, आणि मधोमध कापड बेतायचं एक टेबल. सुताराने टेबलाला हात लावला तर ते होडीसारखं डुललं. मास्तर मागोमाग आला आणि दार लोटून घेऊन उभा राहिला.

"धन्यवाद," तो हळूच म्हणाला.

"तुझ्यासाठी नाही बोललो. त्या पोरीसाठी बोललो." सुताराने टेबल पुन्हा हलवून पाहिलं. "मला फसवलंस ते फसवलंस, वर माझ्या नावावर मोठेपणाही खपवलास. मी असा चांगला माणूस असतो तर किती बरं झालं असतं, हो ना?"

"तू तसं म्हणावंस असं मला वाटत होतं," मास्तर म्हणाला. "म्हणून तिला तसं सांगितलं."

 सुताराने पाय आपटत जाऊन जावयाकडून करवत आणि फळ्या मागितल्या.

दोन दिवस तो त्या खोलीत राबला. जुनं टेबल मोडलं, नवं केलं, मास्तरच्या उंचीला बसेल असं. खिळा ठोकताना इतक्या जोराने ठोकायचा की नातू कानावर हात ठेवून पळायचा. मास्तर शेजारी बसून फळीचं टोक धरायचा. दोघं कामापुरतं बोलत. "धर." "सोड." "वर घे." जेवताना मुलगी आग्रह करायची आणि सुतार ताटात बघून हूं हूं करायचा. तिला वाटलं, काका प्रवासाने दमलेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर मास्तर एकटाच सोडायला आला.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "मला माफ—"

"माफी मागू नकोस," सुताराने त्याला तोडलं. "मागितलीस तर मला करावी लागेल. आणि मला अजून करायची नाहीये."

"बरं."

"फोनही करू नकोस."

"बरं," मास्तर म्हणाला.

तीन दिवस सुताराने एकट्याने गाडी चालवली. पेट्रोल पंपावर कोणी सहज विचारलं, एकटेच का, तरी त्याच्या कपाळाची शीर उठायची. घरी आल्यावर बायकोशी तो आठवडाभर धड बोलला नाही. तिनेही त्याची मनधरणी केली नाही. एके दिवशी भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "ते माझ्याकडे येऊन रडले होते. तुमच्यासमोर का रडले नाहीत, ते तुम्हीच बघा." सुतार उठून दुकानात गेला.

दुकानात शिवायला मास्तरच्या जागी एक बाई ठेवली. हात चांगला होता, पण तिला सुताराची बडबड खपत नसे. "मोजमाप घेताना बोलू नका," असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तो गप्प बसायला शिकला. आपण गप्प बसलो की दुकानात किती आवाज असतात, यंत्राचा, कात्रीचा, समोरच्या रंगवाल्याच्या खोकल्याचा, हे त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आलं, आणि त्याचाही त्याला राग आला.

दीड महिन्याने दुपारी फोन वाजला. मास्तर होता.

"करू नको म्हणालो होतो," सुतार म्हणाला.

"हो. तरी केला."

मग सुतार सुटला. खिडकीतल्या बाईपासून सुरुवात केली, यंत्रावर आला, रंगवाल्यावर आला, बायकोवर आला, मोठेपणावर आला. शिवणारी बाई काम थांबवून बघत राहिली. अर्ध्या तासाने त्याचा घसा बसला.

"झालं?" मास्तरने विचारलं.

"नाही झालं."

"मग ते नंतर. आता मी बोलणार आहे, आणि मी झालं म्हणेपर्यंत तू मध्ये तोंड घालायचं नाहीस. नाटकगृहाच्या खुर्च्यांपासून सांगतो."

सुतार फोम न चढवलेल्या एका सोफ्याच्या सांगाड्यावर बसला. लाकूड बुडाला टोचत होतं. रागाने त्याचा जबडा आवळलेलाच होता.

"सांग," तो म्हणाला.